रात्रीची ऊब : किती आणि कशी?

पौष महिना लागला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते.

शहरांतील काही हौशी तरुण ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा ऑस्ट्रेलियातील सरडा पाळतात. त्याच्या पेटीचे तापमान रात्री साधारण १८ अंशांखाली जाऊ नये, याची ते काळजी घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीतील घरांसाठी सुचविलेली किमान मर्यादाही १८ अंशच आहे. आजीआजोबांच्या खोलीचे तापमान मात्र आपण क्वचितच पाहतो.

सरड्याचे शरीर भोवतालासोबत थंड होते व ते त्याला सोसते. माणसाला मात्र ३७ अंशांच्या आसपास राहावेच लागते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की जिवाला धोका उद्भवतो. उतारवयात स्नायू क्षीण होतात, हुडहुडी कमी भरते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. म्हणूनच ‘मला थंडी वाजत नाही’ या उत्तरावर विसंबू नये. पोटाची त्वचा गार लागणे, बोलणे अडखळणे, गुंगी किंवा संभ्रम ही लक्षणे दिसताच वैद्यकीय मदत घ्यावी.

ऊब देताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे : बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्याला जागही येत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर जाणवल्यास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेहींच्या पायांची संवेदना मंदावलेली असते. गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी त्यांना कळत नाही. पिशवीत उकळते पाणी नको. ती कापडात गुंडाळून अंथरूण उबवावे आणि झोपण्यापूर्वी काढून घ्यावी. कानटोपी, पायमोजे, एका जाड गोधडीऐवजी दोन-तीन पातळ पांघरुणे आणि रात्री कोमट दूध एवढे बहुतेकांना पुरते.

भिंतीवर एक साधा तापमापक लावावा आणि रात्री निजण्यापूर्वी त्याकडे एकदा पाहावे.