बालाघाट डोंगरपट्ट्याच्या विकासासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
(मा. जिल्हाधिकारी, बीड यांच्यामार्फत)

महोदय,

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर आणि केज या तालुक्यांतील डोंगरपट्ट्यात राहणारे ऊसतोड मजूर आणि कोरडवाहू शेतकरी यांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. ही दोन वेगळी माणसे नाहीत. पावसाळ्यात मुरमाड रानात बाजरी, तूर, कापूस करणारा शेतकरीच दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकोसह कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर जातो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. सरकारदरबारी आजवर चर्चा झाली ती बहुतेक करून तोडणीच्या दराची. जानेवारी 2024च्या करारात त्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती आम्हाला हवीच होती. पण हंगामभर गावात काम का नाही, हा आमचा मूळ प्रश्न आहे.

तो आता तातडीचाही झाला आहे. ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला शासन 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान देते. यंत्राला आमचा विरोध नाही; वाकून ऊस तोडणे आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे हे काम आमच्या मुलांनी करू नये, असेच आम्हाला वाटते. मात्र यंत्र ज्या हातांचे काम घेते, त्या हातांसाठी शासनाची योजना काय, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. म्हणून पहिली मागणी अशी की, यंत्राच्या अनुदानाइतकीच रक्कम दरवर्षी या तालुक्यांत पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवावी आणि तिचा खर्च गावनिहाय जाहीर करावा.

हा पर्याय कुठून उभा राहील, हे आम्ही सांगू शकतो. बीडच्या सीताफळाला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धारूरच्या डोंगरात ते फारशा मशागतीशिवाय, पावसावर येते. पण झाडावरून उतरवलेले फळ दोन-चार दिवसांत पिकून मऊ पडते, त्यामुळे व्यापारी रस्त्याच्या कडेला सांगेल त्या भावात द्यावे लागते. फळाचा भर सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि नेमक्या त्याच दिवसांत टोळ्या गाव सोडतात. कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी या टोळ्या बाहेर असतानाच होते. म्हणजे डोंगराचे उत्पन्न हाती येण्याच्या वेळी डोंगरात माणूस नसतो. गर काढून गोठवून ठेवण्याचे केंद्र, शीतगृह आणि तुरीसाठी डाळ मिल तालुक्याच्या ठिकाणी उभी राहिली, तर हेच दिवस कमाईचे होतील. ही केंद्रे महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे द्यावीत. भांडवल शासनाने घालावे आणि पहिली पाच वर्षे विजेच्या दरात सवलत द्यावी.

पाण्याशिवाय यातले काही टिकणार नाही. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि केज तालुक्यात धनेगावच्या धरणात साठते. लातूरची तहान त्या पाण्यावर भागते. त्या पाण्यावर आमचा डोळा नाही. आम्ही मागतो ते उगमाकडच्या गावांचे पाणलोट क्षेत्राचे काम, गाळाने भरलेल्या पाझर तलावांची दुरुस्ती आणि आष्टीकडे कृष्णा खोऱ्याचे पाणी आणणाऱ्या, वर्षानुवर्षे रखडलेल्या योजनेचे तारखांसह वेळापत्रक.

हे काम रोजगार हमीतून होऊ शकते. 1972च्या दुष्काळात आमच्या आई-वडिलांनी खडी फोडली, तलाव खोदले. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राने 1977मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. आज तीच हमी आमच्या गावात निष्प्रभ आहे. कारण साधे आहे: टोळी जमवणारा मुकादम आषाढ-श्रावणातच रोख उचल देतो, आणि हमीची मजुरी आठवडेच्या आठवडे येत नाही. आजारपण, लग्न, बी-बियाणे यांसाठी ज्याला आज पैसे हवेत, तो उचलच घेणार. यासाठी ग्रामसभेने ठरवलेली कामे दसऱ्यापूर्वी मंजूर व्हावीत, मजुरी दर आठवड्याला खात्यावर पडावी आणि राष्ट्रीयीकृत बँकांनी कोरडवाहू शेतकऱ्याला जूनमध्ये पीककर्ज नाकारू नये.

ज्यांना तरीही जावे लागेल, त्यांच्यासाठी माथाडी कायद्याची वाट दाखवलेली आहे. मुंबईच्या हमालाला 1969मध्ये जे संरक्षण मिळाले, ते ऊसतोड मजुराला अजून नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. कारखान्यालाच मुख्य मालक ठरवून मंडळ स्थापन करावे, नोंदणी, विमा आणि भविष्य निर्वाह निधी त्यामार्फत द्यावा. उचलीचा लेखी करार व्हावा. एका दिवसाच्या खाड्यासाठी होणारी वसुली बंद करावी आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामासाठी कुटुंब अडकवून ठेवणाऱ्यावर 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा नोंदवावा.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो. तिने पहाटे चारपासून केलेल्या कामाचा रुपया तिच्या हाती येत नाही. तिचे खाते वेगळे असावे. खाडा परवडत नाही म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. 2019मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर शौचालय, पाणी आणि फिरता दवाखाना ही कारखान्याच्या गाळप परवान्याची अट करा. अट मोडली तर परवाना थांबवा. याहून सौम्य उपाय आम्हाला मान्य नाही.

मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे जाहीर झाली. ती सर्व स्वतःच्या इमारतीत आणि टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावीत. गावात आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लहानग्यांसाठी हंगामी वसतिगृहाचे अनुदान वेळेवर मिळावे.

रेल्वेबद्दल थोडक्यात. 1995मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर बीडपर्यंत गाडी यायला सप्टेंबर 2025 उजाडले. परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण करा आणि शेतमालासाठी मालधक्का द्या.

या मागण्यांवर येत्या दसऱ्यापूर्वी कामगार, रोजगार हमी, सहकार आणि कृषी या चारही खात्यांच्या सचिवांसह आमची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती. ती मुंबईत नको, धारूर किंवा पाटोद्यात घ्यावी. दसऱ्यानंतर बोलावल्यास बैठकीला यायला गावात कोणी असणार नाही.

आपले,
बालाघाट डोंगरपट्ट्यातील ऊसतोड मजूर व कोरडवाहू शेतकरी