झोंबले म्हणजे लागू पडले?

परभणी जिल्ह्यात मिरची ताटात ठेचा म्हणून येते, डब्यात तिखट आणि येसर म्हणून राहते आणि अडीअडचणीला औषध म्हणूनही बाहेर निघते. या औषधामागची समजूत एकच: जे झोंबते ते लागू पडते.

चरक-सुश्रुतांना मात्र मिरची ठाऊक नव्हती. त्यांची तिखट औषधे म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि मिरीचेच नाव घेऊन घाट चढली. पुढे ती इथल्या मातीत अशी रुजली, की १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी तेजस’ हे मिरचीचेच वाण. तेव्हा ‘हजारो वर्षांचा मिरचीचा उपाय’ कोणी सांगितला, तर त्यातली निदान दीड-दोन हजार वर्षे वजा करावीत.

तिखटपणा येतो कॅप्सेसिन या द्रव्यामुळे. ते बियांत नसते, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होते. जिभेच्या लेखी ही चव नव्हेच. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखून मेंदूला कळवणारे ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतात आणि कॅप्सेसिन नेमके त्यांनाच चेतवते. (४३ अंश म्हणजे काय, हे परभणीकराला मे महिन्यात वेगळे सांगावे लागत नाही.) हा ग्राहक डेव्हिड ज्युलिअस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला. त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. काही भाजलेले नसताना शरीर भाजल्यासारखे वागते: घाम फुटतो, नाक-डोळे वाहू लागतात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊनही आग तशीच राहते. दूध-दह्याने ती शमते. भाकरी-ठेच्याबरोबर दही किंवा करडईचे तेल घेण्याची रीत त्यामुळेच शहाणपणाची.

ओल्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते, वाळवणात ते बरेचसे जाते. सर्दीत झणझणीत रश्शाने नाक मोकळे होते, सर्दी आपल्या वेळेनेच जाते. पोटातल्या अल्सरचा दोष मात्र मिरचीवर उगाच आला. त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. अर्थात आम्लपित्त, मूळव्याध किंवा भगेंद्रासारखी गुदद्वाराची दुखणी असणाऱ्याला तिखटाने त्रास वाढतोच.

तोंडाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. एरवी ठेचा खाणाऱ्या माणसाला अचानक साधी भाजीही सोसेनाशी झाली, तर घरचे तिखट कमी करतात आणि खिशातली गुटख्याची पुडी तशीच राहते. सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा ताठर होऊन जबडा उघडेनासा होतो. त्या रोगाची ही सुरुवातीची खूण असते आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो.

आता घरगुती उपाय. दृष्ट काढताना मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती म्हणायचे. मिरची धगधगत्या जाळात भडकन जळाली की ठसका कमी उठतो, निखाऱ्यावर धुमसली की घरभर पसरतो. एवढ्याने फारसे बिघडत नाही, पण दम्याच्या लेकराजवळ हे करू नये.

सर्पदंशात मात्र मिरची जीव घेऊ शकते. माणसाला मिरची आणि कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. तिखट-कडू लागले तर विष चढलेले नाही, अशी परीक्षा खेड्यापाड्यांत होते. विष चवीला विचारून चढत नाही. मण्यार चावली तर दंश धड दुखतही नाही आणि तासन्‌तास माणूस ठीक दिसतो. मिरची तिखट लागली म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडकतो. प्रतिविषाची लस दवाखान्यात मिळते, तिथे पोचायचा वेळ या परीक्षेत जातो.

कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट भरतात. त्याने रेबीजचा विषाणू मरत नाही, जखम मात्र चिडते. करायचे ते असे: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे.

अंगातले भूत काढायला मिरचीची धुरी देणे हा तर गुन्हाच आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मिरचीची धुरी स्पष्ट नोंदलेली आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणेही त्याच अनुसूचीत येते.

झोंबून गुण येतो असा एक उपयोग खरा आहे. कॅप्सेसिनचे ०.०२५ ते ०.०७५ टक्के मलम सांधेदुखीवर वापरतात. पुन्हा पुन्हा लावल्याने तिथली मज्जातंतूंची टोके थकतात आणि वेदना कळवणे कमी करतात. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या ठणक्यावर ८ टक्क्यांची पट्टी असते, ती डॉक्टरच लावतात. वाटलेली मिरची गुडघ्यावर थापण्यात हे मोजमाप नसते, त्यामुळे फोड येतात.

उन्हाळ्यात तिखटासाठी मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची रात्रभर आग होते. आधी तेल चोळायचे, मग साबणाने धुवायचे, हा त्यांचा उपाय रसायनशास्त्राला धरून आहे, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळते. तोवर हात डोळ्यांना लावायचा नाही.