कावळा शिवला नाहीं

आई बाजूला बसली म्हणजे “आईला कावळा शिवला” असें लेकरांस सांगण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. हा आडपडदा मुलीस महाग पडतो. पहिली पाळी येतांच ती भेदरून जाते. म्हणून आपल्या मढच्या आईबापांस विनंती कीं, नवव्या-दहाव्या वर्षींच तिला खरें सांगावें. हें दुखणें नव्हे, विटाळ तर नव्हेच. गर्भाशयाचें अस्तर गळतें, एवढेंच. पाळी २ ते ७ दिवस टिकते. आरंभींच्या वर्षांत २१ ते ४५ दिवसांचें अंतर स्वाभाविक होय. कापड धुऊन उन्हांत वाळवावें, अडगळींत लपवूं नये. वेदना असह्य झाल्यास डॉक्टरांस दाखवावें. २०१८ सालीं ‘अस्मिता’ योजनेनें जिल्हा परिषद शाळांतील मुलींस ५ रुपयांत ८ पॅड देऊं केले. पॅड विकत मिळतात. धीर मात्र घरानेंच द्यावयाचा असतो.