केकवरची चेरी आणि बांधावरची जाळी

परवा ऑफिसात एका कलीगचा बर्थडे होता. नेहमीचाच सीन. कॉन्फरन्स रूम, ब्लॅक फॉरेस्ट, पेपर प्लेट्स आणि केकवरच्या चेरीसाठी मारामारी. मी शांतपणे म्हटलं, "अरे, ती चेरी नाहीये. करवंद आहे!" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्यांचं इन्क्रिमेंट अडवलंय.

पण खरंच सांगते. आपल्याकडच्या साध्या केकवर, बनमध्ये, आइस्क्रीमवर जी लालभडक 'चेरी' असते, ती बऱ्याचदा करवंदच असते. अर्धकच्चं करवंद घ्यायचं, बिया काढायच्या, साखरेच्या पाकात मुरवायचं, लाल रंग द्यायचा... झाली चेरी! फॉरेनचं नाव लावलं की आपण भांडून खातो.

आता यात मी कुणाला हसू नये. कारण माझ्या बाल्कनीत तीन वर्षं एक फेजोआ उभा होता.

फेजोआ म्हणजे पेरूच्या कुळातलं एक झुडूप. मूळचं दक्षिण ब्राझील, उरुग्वेकडचं. न्यूझीलंडमध्ये मात्र घरोघरी, कुंपणाला. माझी मावसबहीण ऑकलंडला असते. मार्च ते जून तिकडे फेजोआचा सीझन, आणि तेव्हा ती फोटो पाठवून पाठवून जीव नकोसा करते. हिरवी, अंड्याएवढी फळं. अर्धी कापायची आणि चमच्याने गर खायचा. फुलं तर अशी, की पाकळ्याही खातात. झालं! मी ऑनलाइन रोप मागवलं, महागाची कुंडी आणली, पाणी, खत, सगळे लाड केले. तीन वर्षांत पानं भरपूर, फूल एक नाही.

मग जरा वाचलं तेव्हा कळलं, की फेजोआला फुलायला हिवाळ्यात पुरेसे थंडीचे तास लागतात. शिवाय बऱ्याच रोपांना परागीभवनासाठी शेजारी दुसरं वेगळं रोप लागतं. माझा पठ्ठ्या पुण्यात, चौथ्या मजल्यावर, एकटा. तो कशाला फुलतोय?

बहिणीला फोन केला, तर ती हसली. म्हणाली, "अगं, इथे सीझनमध्ये फेजोआ विकत घेणं म्हणजे शेजारी ओळखीचे नाहीत, असं समजतात. लोक पिशव्या भरून गेटबाहेर ठेवतात. तुमच्या आंबेगावात करवंदं असायची ना, तसंच."

ते 'असायची' जरा लागलं. कारण तिचं बरोबर होतं.

माझं आजोळ आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना. मे महिन्याच्या सुट्टीत आमचा मुक्काम तिथे. आजीच्या शेताच्या बांधावर करवंदाची एक भलीमोठी जाळी होती. ती कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं. पण येणारे-जाणारे सगळे तोडायचे आणि आजी कुणाला काही बोलायची नाही. करवंद फोडायच्या आधी विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याचं करवंद जिंकणाऱ्याच्या पोटात. आमचं पहिलं बेटिंग ते हेच!

त्याच मे महिन्यात मी गावी गेले. जाळी नव्हती. जेसीबी लावून बांध सरळ केलेला, वर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण.

"मामा, जाळी कुठे गेली?"

"अगं, दोन सऱ्या वाढल्या ना तेवढ्यात. टोमॅटोला नारायणगावचा बाजार हाय. करवंदाला कोण इचारतंय?"

यावर मी काय बोलणार? शेत त्याचं, कर्ज त्याचं. मी तर वर्षातून दोन दिवस येणारी पाहुणी. आणि करवंदाला न विचारणाऱ्यांत मीसुद्धा होतेच की. माझे पैसे फेजोआवर गेले होते.

परतताना रस्त्याच्या कडेला एक मावशी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. चार द्रोण घेतले. करवंदं खाल्ली आणि या वेळी बिया थुंकल्या नाहीत, रुमालात बांधून पुण्याला आणल्या.

तुम्हालाही ट्राय करायचं असेल, तर फंडा सोपा आहे. बी ताजंच हवं. ठेवून दिलं की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. गर धुऊन काढायचा, एक दिवस सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. लाल माती, थोडी वाळू, थोडं शेणखत. कुंडीला खाली भोक हवंच. करवंद दुष्काळ सोसतं, पण साचलेलं पाणी सोसत नाही. ऊन मात्र भरपूर लागतं. काटे जबरदस्त असतात, तेव्हा कपड्यांच्या दोरीपासून लांब ठेवा. फांदी छाटताना पांढरा चीक येतो, म्हणून हाताला आधी तेल लावा.

बियांपासून फळ यायला तीन-चार वर्षं लागतात. एवढा पेशन्स नसेल, तर नर्सरीत गुटी कलम विचारा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळांची जातही काढली आहे. आणि हो, ट्रेकला गेलात म्हणून भीमाशंकरच्या जंगलातून रोप उपटून आणू नका. ते अभयारण्य आहे, तिथली करवंदं तिथल्या पाखरांची. रस्त्यावरच्या मावशींकडून द्रोण घ्या, बिया फुकट मिळतात!

माझ्या वीस बियांतून नऊ रोपं आली. दोन मी ठेवली, पाच मित्रमैत्रिणींत वाटली. उरलेली दोन पुढच्या पावसाळ्यात गावी नेली आणि मामाला म्हटलं, "तारेच्या बाहेरच्या अंगाला लावू या? तुझी सरी जाणार नाही." मामाने बराच वेळ रोपांकडे बघितलं. मग काही न बोलता टिकाव घेऊन आला. मामी आतून ओरडली, "आत्यांच्या जागेवरच लावा!"

फेजोआ? तो महाबळेश्वरला एका मैत्रिणीच्या घरी पाठवला. तिथे थंडी आहे, बघू या. शेवटी न्यूझीलंडमध्येही तो परदेशातूनच आलेला. त्यांनी घराघरात लावला, पिशव्या भरभरून वाटला आणि तो त्यांचा झाला. आपलं करवंद मात्र आपलं असून केकवर दुसऱ्याचं नाव लावून बसतं.

यंदा माझ्या कुंडीत पहिल्यांदा फळं धरली. फेब्रुवारीत पांढरी, वासाची फुलं आली होती, मेमध्ये मोजून अकरा काळी करवंदं. डब्यातून ऑफिसला नेली. ज्याचा बर्थडे होता तोच पहिला आला. मी मूठ बंद केली आणि विचारलं,

"बोल, कोंबडा की कोंबडी?"