फरशीखालची ऊब आणि पाटणची घरं

पाटण खोऱ्यात ज्यांची नवी घरं उभी राहताहेत, अशा दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांत सध्या एक नवा विषय निघालाय. मुलगा किंवा जावई बाहेरदेशी असतो, तिकडच्या घरात थंडीत फरशी पायाला कोमट लागते. त्याचं म्हणणं असतं, 'आपल्याकडेही फरशीखाली तारा घालू, निदान अम्मीच्या खोलीत तरी.' गवंड्याने हे काम कधी केलेलं नसतं. वायरमन म्हणतो, 'घालू की, त्यात काय!' मग विषय माझ्यापर्यंत येतो, कारण घराच्या गोष्टीत नाक खुपसायची माझी सवय सगळ्यांना माहीत आहे.

माझं मत सरळ आहे. अख्ख्या घराला अशी फरशी नको. अम्मी जिथे नमाज पढतात, बसतात, तेवढ्या जागेला जरूर घाला. आणि तेही जोत्याखालची ओल बंद केल्यावर.

पुण्या-मुंबईचे पाहुणे यावर हसतात. महाराष्ट्रात कसली आलीय फरशी तापवायची हौस? त्यांनी जुलैत येऊन राहावं. कोयनानगरला एका हंगामात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाटण गावात त्यापेक्षा कमी, पण हवा तीच. धुतलेली चादर तीन-तीन दिवस वाळत नाही, भिंतीला बुरशी येते, फरशीला घाम सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, पण नदीकाठची पहाट असते. फजरला उठून वुजू करायचा आणि ओल्या पायांनी चकचकीत फरशीवर उभं राहायचं, हे पंचविशीत जमतं. सत्तरीत, गुडघे धरलेले असताना, ती रोजची शिक्षा होते. माझ्या माहितीत अशी म्हातारी माणसं आहेत जी थंडीत फजर पलंगावर बसूनच पढतात. कारण विचारलं तर तब्येत सांगतात. खरं कारण फरशी असते.

ही फरशी आपल्याकडे आली कशी, तेही बघू. जुनी घरं दगड-मातीची आणि जमीन सारवलेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यातली कितीतरी घरं बसली. ऐन थंडीत लोक उघड्यावर आले. दगड-मातीच्या भिंतीवरचा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच. हळूहळू विटा आल्या, सिमेंट आलं, आरसीसी आलं, आणि त्यात काही चुकीचं नाही. पण भिंतींबरोबर जमीनही बदलली. सारवलेल्या जमिनीच्या जागी कोबा आला, मग शहाबादी, मग मोझॅक, आणि आता आरशासारखी व्हिट्रिफाइड टाइल. सारवलेली जमीन पायातली ऊब फार हळू घेते. टाइल ती झटकन ओढून घेते. खोलीचं तापमान दोन्हीकडे सारखंच असलं तरी पायाला टाइल कितीतरी थंड लागते. हरमशरीफमध्ये तवाफाच्या जागेचा पांढरा संगमरवर भर उन्हात पाय भाजू देत नाही, याचं हाजी लोक कौतुक करतात. ग्रीसमधल्या थासोस बेटावरचा तो दगड आहे, उन्हाची उष्णता परतवतो. मक्केत तसलाच दगड हवा. पाटणला संगमरवराची हौस कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी फरशी गरम करण्याची कल्पना परकी किंवा साहेबी म्हणून झटकून टाकू नये. काश्मिरातल्या मशिदींना जोडून हमाम असतो. दगडी फरशीखाली पोकळी, त्यात लाकडांची आग, आणि त्याच आगीवर वुजूचं पाणी तापतं. थंडीत नमाज झाली की माणसं त्या कोमट दगडावर टेकून बसतात, गप्पा मारतात. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या वाटांनी फिरवून खोली तापवायची पद्धत शेकडो वर्षांची आहे, तिला ओंडोल म्हणतात. आता तिथे धुराच्या जागी बहुतेक घरांत गरम पाण्याच्या नळ्या आहेत. ही दोन्ही आपल्यासारखी जमिनीवर बसणारी माणसं. युरोपातला माणूस फरशीवरून सपाता घालून चालतो, खुर्चीवर बसतो, पलंगावर झोपतो. आपला दस्तरखान जमिनीवर, जा-नमाज जमिनीवर, पोरांचा सबक जमिनीवर, पाहुणे आले की गाद्याही जमिनीवर. फरशीच्या उबेची खरी किंमत आपल्यालाच कळणार.

पण विजेच्या तारांची गोम नेमकी इथेच आहे. या तारांचं गणित असं असतं की फरशी तापणार आणि वर मोकळी हवा असल्याने उष्णता निघून जाणार. तुम्ही त्यावर कापसाची गादी टाकलीत, की उष्णता खालीच कोंडते. गादीखालची फरशी आजूबाजूपेक्षा बरीच जास्त तापते आणि थर्मोस्टॅटला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याचा सेन्सर दुसरीकडेच गाडलेला असतो. बुडाशी पोकळी नसलेलं कपाट, धान्याची कोठी, पेटी, सगळ्यांचं तेच. म्हणून जिथे बिछाना पडणार किंवा जड सामान कायमचं बसणार, तिथे तार नको. आपल्या घरात अशी जागा वगळत गेलात तर खोलीचा निम्मा भागही उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपल्या वडीलधाऱ्यांमध्ये साखरेचा आजार किती आहे हे सांगायला नको. साखर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते. चटका बसलेला कळत नाही, आणि साध्या कोमट वाटणाऱ्या उष्णतेवरही तासभर एकाच जागी बसलं तर कातडी भाजू शकते. तसबीह घेऊन अम्मी तासभर बसणारच. तेव्हा माणसं वावरतात त्या जागी फरशीचा वरचा पृष्ठभाग 29 अंशांच्या वर जाता कामा नये, ही युरोपात पाळली जाणारी मर्यादा आहे. आपण बसणारी माणसं, म्हणून मी 27 वर थांबायला सांगतो. हाताला ती फरशी गरम लागतच नाही, 'थंड नाही' एवढंच जाणवतं. पायाला तेवढंच हवं असतं. 'गरमच लागत नाही' म्हणून आकडा वाढवणारा एखादा मामू घरात निघतोच, तर त्याच्यासाठी थर्मोस्टॅटला कुलूप लावायची सोय असते, ती वापरा.

आता पैसे. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. पलंग-कपाट वगळून आठ चौरस मीटरवर तारा घातल्या आणि मीटरला 150 वॅट धरले तर 1200 वॅट होतात. हॉल आणि खोल्या मिळून चाळीस चौरस मीटर केले तर सहा किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू. साध्या घरगुती जोडणीवर हा भार बसत नाही, मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. दिवसाला पाच तास चालवलं आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो हे धरलं, तरी वीसेक युनिट जातील. महिन्याला सहाशे. घरगुती बिलाचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटवर बदलतात आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो, म्हणजे नेहमीच्या वापरावर हे सहाशे युनिट वरच्या, महाग टप्प्यांच्या दराने मोजले जाणार. याउलट दोन चौरस मीटरची जागा घ्या. तीनशे वॅट, पहाटे आणि रात्री मिळून तीन तास, महिन्याला सत्तावीस युनिट. दोन्ही ठिकाणी अम्मीच्या पायांना ऊब तेवढीच मिळते. बाकीच्या पाचशे सत्तर युनिटना इसराफच म्हणावं लागेल.

सौरऊर्जेचं उत्तर तयार असतं. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. घ्या, चांगली योजना आहे. पण फरशी तापवायची गरज पावसात आणि पहाटे, आणि तेव्हाच छत सर्वांत कमी वीज देतं. नेट मीटरिंगने हिशेब जुळवता येतो, पण वीज गेली की साधा संचही बंद पडतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. ज्या तालुक्याच्या पाण्यावर 1,960 मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, त्या तालुक्यात मेणबत्ती शोधायची वेळ येते. त्या पाण्यासाठी गाव सोडलेल्यांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे, मग मेणबत्तीचं दुःख काय सांगायचं! पण फरशीपुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज असतानाही दाब कमी असतो, आणि तारेची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर ऊब साधारण 61 टक्क्यांवर येते. वाडीच्या टोकाला घर असेल तर आधी चार दिवस पहाटे दाब मोजा.

प्रकार तीन मिळतात. लॅमिनेटच्या लाकडी फरशीखाली घालायची पातळ फिल्म आपल्या कामाची नाही, कारण ओल्या पावलांच्या घरात लॅमिनेट फुगतं. जाड तार कोब्यात पुरायची पद्धत टिकाऊ, पण कोबा तापायला तास न् तास घेतो. फजरसाठी मध्यरात्रीपासून चालू ठेवावी लागेल, आणि मध्येच वीज गेली तर झालं. उरते जाळीवर विणलेली बारीक तार, जी टाइलच्या लगेच खाली चिकटवण्याच्या मसाल्यात बसते. ती अर्ध्या-पाऊण तासात काम करते. लहान जागेला हीच घ्यावी. मात्र तिच्याखाली उष्णता अडवणारी पाटी हवीच. थर्मोकोलच्या जातीची पण कडक, पाणी न पिणारी एक्सपीएसची पाटी मिळते. ती वाचवली की निम्मी वीज जमीन तापवण्यात जाते. आणि त्याहीआधी जोत्यात दगडी सोलिंग, चांगला दाबलेला मुरूम आणि ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा थर. खरं सांगायचं तर नव्या घरात एवढं नीट केलं आणि खोलीत खरबरीत, मॅट टाइल घातली, तर निम्मी तक्रार तारेशिवायच मिटते.

वायरमनला तीन कामं लिहून द्या. वेगळी लाइन आणि तिच्यावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. खरीखुरी अर्थिंग, भिंतीतली नावापुरती नव्हे, कारण वुजूचे ओले पाय त्याच फरशीवर येणार आहेत. आणि तारेचा रोध तीनदा मोजायचा, घालण्याआधी, घातल्यावर आणि टाइल बसल्यावर, तिन्ही आकडे कागदावर. गवंड्याची थापी लागून तार तुटते ती टाइल बसवतानाच, आणि मग कोणाच्या हातून तुटली यावर सहा महिने भांडण चालतं. त्याच टाइलच्या चार जादा ठेवून द्या. इथे भूकंपाचे लहान धक्के अजून बसतात, कधी उकरावं लागलं तर तोच रंग पुन्हा मिळणार नाही.

ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या भागात घोंगडी आहे. दुहेरी घोंगडी आणि तिच्यावर जा-नमाज, एवढ्याने पाय आणि गुडघे थंडीपासून सुटतात. फक्त घोंगडी आणि तार एकत्र नको. घोंगडी खालची ऊब वर येऊच देत नाही, तेव्हा दोघांपैकी एकच निवडा. आणि काहीही निवडा, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि दर थंडीत कुठून ना कुठून एखादं कुटुंब सकाळी उठलंच नाही अशी बातमी येते. त्यापुढे विजेची तार शंभर पटींनी बरी.

तार घालायचीच ठरली तर जागा आखताना घाई करू नका. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. घराच्या भिंती क्वचितच त्याच रेषेत असतात, म्हणून जा-नमाज तिरकी पडते आणि जाळी मात्र भिंतीला समांतर घातली जाते. जाळी कापून वळवता येते. तार कधीच कापायची नाही, फक्त जाळी. शिवाय पुष्कळ घरांत अम्मी आता खुर्चीवर नमाज पढतात. मग गरम जागा सजद्याखाली ठेवून काय उपयोग, ती खुर्चीपुढे पायाखाली हवी. टाइल बसण्याच्या आदल्या दिवशी खुर्ची नेऊन ठेवा, अम्मीला बसवा, आणि गवंड्याच्या देखत खडूने चौकोन आखा.