राशीचा निर्णय कोणाचा?

सोमवारची सकाळ चिकित्सकास दिनदर्शिकेवरून ओळखावी लागत नाही. प्रतीक्षाकक्षातील तक्रारीच तो वार सांगतात. आध्मान, आंबट ढेकर, शिरोगौरव, आदल्या रात्री झोप न लागणे, आणि प्रश्न विचारताच मिळणारे ठरावीक उत्तर : ‘डॉक्टर, शनिवारी बाहेर जेवण झालं.’ यात नवे काही नाही. मात्र काही महिन्यांपूर्वी ठाण्याच्या मानपाडा भागातील एका तरुण दांपत्याने आम्हांस जो प्रश्न केला तो नवा होता. अजीर्ण झाल्यानंतर काय घ्यावे, हे त्यांना विचारायचे नव्हते. येत्या शनिवारी ‘अनलिमिटेड’ जेवणास जायचे आहे, मोठी रक्कम आगाऊ भरली आहे, तरी त्या दिवशी जास्त खाता यावे म्हणून आधी कोणते चूर्ण घ्यावे, एवढेच त्यांना हवे होते. सकाळचा नाश्ता व दुपारचे जेवण वगळण्याचे त्यांनी ठरवलेच होते. दीपन-पाचनाचा असा उपयोग कोणी विचारील अशी कल्पना नसल्याने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. रुग्णांना जेथे जाऊ नका म्हणून सांगतो ती जागा एकदा तरी पाहावी, या विचाराने पुढच्या पंधरवड्यात आम्ही स्वतःच एका अशा उपाहारगृहात गेलो.

मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवलीचे आणि दुसरे ठाण्यातील घोडबंदर मार्गावरचे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले. येथे आम्ही दुसऱ्याविषयी लिहीत आहोत. जुन्या ठाणेकरांच्या आठवणीत हा भाग गावाबाहेरचा होता. आज मेट्रोच्या खांबांखालून जाताना दोन्ही बाजूंना उंच संकुले दिसतात, आणि त्यांत राहणारी कुटुंबे आठवडाभर कामाला जुंपलेली असून शनिवारी रात्री एकत्र बसू इच्छितात. ही इच्छा उपहासास पात्र नाही, हे प्रथमच नमूद करतो.

मेजाच्या मध्यभागी निखाऱ्यांची शेगडी बसवून सळ्यांवर मांस, पनीर व भाज्या समोरच भाजून घेण्याची आणि एकच रक्कम भरून हवे तितके खाण्याची पद्धत आपल्याकडे रूढ करण्यात बार्बेक्यू नेशन या साखळीचा मोठा वाटा आहे. तिचे पहिले उपाहारगृह २००६ साली मुंबईत पाली हिल येथे निघाले. आम्ही गेलो ते त्या साखळीतील नव्हे, पण घडण तीच. शेगडीखेरीज एका कोपऱ्यात लोखंडी पत्र्याच्या मोठ्या तव्यावर भात व भाज्या परतून देणारा आचारी होता, दुसऱ्या कोपऱ्यात काचेआड सुशीच्या वळकट्या मांडल्या होत्या आणि तिसऱ्या कोपऱ्यात मिष्टान्ने. मेजावर एक लहानसा झेंडा. तो उभा असेतोवर वाढपी सळ्या आणीतच राहतात, आडवा केला की थांबतात. शेजारच्या मेजावरील एका आजींनी तिसऱ्या फेरीनंतर तो आडवा केला. नातवाने ‘आजी, अजून पैसे वसूल नाही झाले’ असे म्हणत पुन्हा उभा केला. आजी हसल्या. आम्हीही हसलो. परंतु आहारशास्त्राचा सारा वाद त्या एका झेंड्यात होता, असे आम्हांस नंतर वाटत राहिले.

‘हे सारे जपानी थेर’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आपल्या व्यवसायबंधूंना होतो. वस्तुस्थिती तशी नाही. जपानात ‘हिबाची’ म्हणजे राखेत निखारे ठेवलेली शेगडी. तिच्यावर प्रामुख्याने हात शेकत, फार तर चहाचे पाणी ठेवीत. लोखंडी पत्र्यावर गिऱ्हाइकासमोर मांस परतण्याची रीत १९४५ साली कोबे येथील मिसोनो उपाहारगृहात सुरू झाल्याचे सांगितले जाते. रॉकी आओकी यांनी १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘बेनिहाना’ काढून सुरीच्या कसरतींसह ती अमेरिकेत लोकप्रिय केली, आणि पुढे अमेरिकन लोक तिलाच ‘हिबाची’ म्हणू लागले. हवे तितके खाण्याची कल्पना तर जपानने युरोपातून घेतली. टोकियोच्या इम्पीरिअल हॉटेलात १९५८ साली स्कँडिनेव्हियन धर्तीचे मांडलेले भोजन सुरू झाले. त्याला ‘वायकिंग’ हे नाव मिळाले आणि जपानी भाषेत बुफेसाठी आजही तोच शब्द वापरला जातो. त्याच वर्षी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरून सुशी पुरविणारे पहिले दुकान निघाले. ज्यांच्या मुलामुलींचे संसार न्यू जर्सीत आहेत अशा आमच्या वाचकांनी तिकडची सुशी-हिबाचीची अमर्याद भोजनगृहे पाहिली असतील. मानपाड्यात आले आहे ते जपान नव्हे, अनेक ठिकाणी हात बदलत आलेले जपान आहे.

मूळ जपानी विचार याच्या नेमका उलट होता. कैबारा एक्केन या पंडिताने वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर लिहिलेला ‘योजोकुन’ हा आरोग्यविषयक ग्रंथ १७१३ सालचा. कितीही रुचकर पदार्थ समोर आला तरी पोट आठ-नऊ भाग भरताच हात आखडावा, पूर्ण तृप्ती होईतो खाल्ल्यास मागाहून त्रास होतो, असे त्याचे सांगणे आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात कुक्षीचे तीन अवकाश कल्पून एक घन आहारास, एक द्रवास व एक वात-पित्त-कफांस दिला. वाग्भटांनी चार भाग करून दोन अन्नास, एक पेयास व एक वायूस सोडला. भाग कोणी तीन केले, कोणी चार, कोणी दहा. काही जागा रिकामी ठेवली पाहिजे याविषयी दुमत नाही.

आता सुशीविषयी. आपल्यापैकी अनेकांचे लक्ष प्रथम विरुद्धाहाराकडे जाते, आणि काचेआडच्या त्या वळकट्यांत मासा व मलईचे चीज एकत्र पाहून आमचेही गेले. (हे मिश्रण जपानी परंपरेतील नव्हे, अमेरिकेतील भर आहे.) शास्त्राने मत्स्य व पय यांचा निषेध केला, चीज म्हणजे पय नव्हे, त्याचा विचार किलाटाच्या अंगाने करावा लागेल, अशी चर्चा आपण तासभर करू शकतो. करावीही. तथापि त्याच सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात एक सवलत दिलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. सात्म्य असल्यास, अग्नी दीप्त असल्यास, पुरुष तरुण, स्निग्ध, व्यायामशील व बलवान असल्यास विरुद्धही बाधत नाही. आणि मात्रा अल्प असल्यासही बाधत नाही. जपानच्या किनाऱ्यावरील मनुष्याला मासा व शिरका घातलेला भात पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य आहे. तो सुशीचे मोजके तुकडे खातो, दोन तुकड्यांच्या मध्ये आल्याची चकती चघळतो. भोजनारंभी आले व सैंधव देणाऱ्या आपल्या परंपरेस ती चकती परकी वाटू नये. सळीवर भाजलेले मांसही आपल्या ग्रंथांना ‘शूल्य’ या नावाने परिचित आहे. सारांश, पदार्थांच्या यादीत दोष शोधत बसल्यास हाती फारसे लागत नाही. दोष आहे तो राशीत.

अष्ट आहारविधिविशेषायतनांपैकी राशीचे विवेचन सूक्ष्म आहे. संपूर्ण भोजनाचे एकत्र प्रमाण तो सर्वग्रह, आणि त्यातील एकेका पदार्थाचे स्वतंत्र प्रमाण तो परिग्रह. घरच्या ताटात परिग्रह जागेनेच ठरलेला असतो. लोणचे डावीकडे बोटभर, भाजी उजवीकडे, वरणभात मध्ये. स्वयंपाक करणारीने तो आधीच योजलेला असतो. ‘अनलिमिटेड’ भोजनात परिग्रहास स्थानच नाही, कारण पदार्थांची संख्या साठ-सत्तरांच्या घरात असते आणि प्रत्येकाचा एक तुकडा घेतला तरी सर्वग्रह ओलांडला जातो. शिवाय गुरुद्रव्यांनी पूर्ण तृप्ती करून घेऊ नये, तिसऱ्या किंवा निम्म्या भागावर थांबावे, असा स्पष्ट आदेश आहे. येथे मांस, पनीर, तळलेले, चीज, आईस्क्रीम ही सर्व गुरुद्रव्येच. दिवसभर उपाशी राहून रात्री दहास जेवणे हे विषमाशन. पथ्य-अपथ्य एकत्र खाणे हे समशन. आणि पहिल्या तासात खाल्लेले पचण्याआधी ‘थोडे थांबून’ पुन्हा उठणे हे अध्यशनच. ग्रहणीचिकित्सेत वेगवेगळे वर्णिलेले हे तिन्ही प्रकार एकाच मेजावर एकाच रात्री पाहण्याचा योग आम्हांस आला.

आधुनिकांनीही हे तपासले आहे. १९८१ साली बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार निरनिराळ्या प्रकारांची सँडविचेस दिली असता लोकांनी सुमारे एक तृतीयांश अधिक खाल्ले. एका चवीने मन भरते, पण ते त्या चवीपुरतेच. दुसरी चव समोर येताच भूक नव्याने लागल्यासारखी वाटते. गोड पदार्थास ‘वेगळे पोट’ असते असे आपल्या घरी म्हणतात, त्याचे हे प्रयोगशाळेतील रूप.

परंतु वैविध्यापेक्षाही आम्हांस महत्त्वाची वाटली ती आगाऊ भरलेली रक्कम. भोजनाची राशी ठरविण्याचा अधिकार अग्नीचा, आणि त्याची सूचना देणारी लक्षणे शास्त्राने सांगितली आहेत : कुक्षीवर दाब न येणे, हृदयास अवरोध न होणे, बरगड्या न ताणणे, उदर जड न होणे, इंद्रियांस प्रसन्नता वाटणे. रक्कम भरताच हा अधिकार अग्नीकडून हिशेबाकडे जातो. तो नातू आजीला पोटाविषयी विचारीत नव्हता, हिशेबाविषयी सांगत होता. व्यवस्थापकांनाही हे ठाऊक असते, म्हणून आरंभी भरपूर बटाटा, मका व गोड सरबते येतात आणि महाग मासा मागाहून येतो. हे लबाडीचे म्हणता येणार नाही, धंदा आहे. मात्र जेवणारा व वाढणारा एकमेकांवर मात करू पाहतात आणि रणभूमी जेवणाऱ्याचे आमाशय असते, अशी ही रचना आहे.

येथे आपल्या पूर्वजांचा दाखला देऊन पंगतीचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. ती आम्ही पाळणार नाही. पैजेने जिलब्या व लाडू खाणारे वीर आपल्याच जेवणावळींत निपजले. ‘माझ्या हातचा एक तरी’ हा आग्रह किती जणांच्या ग्रहणीस कारण झाला असेल, याची गणना नाही. एवढे मात्र खरे की पंगतीत नकाराची एक सर्वमान्य खूण होती : ताटावर आडवा धरलेला हात. आग्रह करणाऱ्यालाही त्या हाताचा मान अखेरीस ठेवावा लागे, आणि उत्तरापोशन झाले की विषय संपे. आडवा केलेला झेंडा ही तशीच खूण आहे, फरक इतकाच की तो पुन्हा उभा करणारा आपल्याच घरचा असतो.

आता थोडे स्वतःविषयी. आमच्या चर्चासत्रांचा शेवट कसा होतो? सकाळच्या सत्रात आमवात व आमदोष, दुपारी संतर्पणजन्य विकार, आणि रात्री साडेनऊस बहुधा एखाद्या औषधकंपनीच्या सौजन्याने बुफे. हातात बशी घेऊन उभ्याने खाणारे, अखंड बोलणारे, दोन प्रकारचे सूप, पनीर, मासे, गुलाबजाम आणि त्यावर आईस्क्रीम एकाच बशीत रचणारे आम्ही वैद्य. न बोलता, न हसता, तन्मन होऊन जेवावे हे ज्यांनी पाठ केले तेच. अशा एका रात्री एका विद्यार्थ्याने ‘सर, हे समशन की अध्यशन?’ असे विचारले, तेव्हा त्यास आम्ही थट्टेवारी नेले. त्याबद्दल आज खेद वाटतो.

त्या दांपत्याला आम्ही चूर्ण दिले नाही. जाऊ नका असेही म्हटले नाही. दुपारी पेज किंवा मुगाचे वरण व मऊ भात अवश्य घ्या, रात्री आठच्या आत बसा, थंड सरबत वर्ज्य करा, पाच पदार्थ आधी मनाशी ठरवा, आणि झेंडा दोघांपैकी एकाने आडवा केला तर दुसऱ्याने उभा करू नये, एवढेच सांगितले. पुढच्या खेपेस पत्नीने सांगितले की पैसे काही वसूल झाले नाहीत, मात्र रात्री झोप लागली. पतीचे म्हणणे थोडे वेगळे होते. त्यांनी आईस्क्रीम दोनदा घेतले होते. तेव्हापासून नव्या रुग्णाच्या प्रश्नावलीत आम्ही एक ओळ वाढविली आहे : महिन्यातून किती वेळा ठरावीक दरात अमर्याद जेवण होते, आणि त्या दिवशी आधीचे जेवण वगळले जाते काय. आम्लपित्ताच्या रुग्णांत हा प्रश्न मत्स्य-दुग्धाच्या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे. व्यवसायबंधूंनी तो करून पाहावा व आपली निरीक्षणे या त्रैमासिकाकडे धाडावीत.

आणि आमच्या शाखेपुरती सूचना अशी की पुढील चर्चासत्राचे भोजन सायंकाळी साडेसातला, बसून, वाढून आणि सात पदार्थांत व्हावे. भोजन पुरविणाऱ्यांशी बोललो. पदार्थ कमी केले तरी माणशी दर तोच राहील असे ते म्हणतात. राहू द्यावा.