नारोशंकराची घंटा आणि एक टाळलेलं उत्तर



परवा पाहुण्यांना घेऊन लासलगावहून नाशिकला गेलो होतो. पंचवटीत नारोशंकराच्या देवळापाशी एक गृहस्थ आपल्या मुलांना सांगत होते, "ती घंटा बघा, वसईची! फिरंग्यांची कशी जिरवली आपण!" मुलं खूश झाली. मी मात्र ओशाळलो, कारण हेच वाक्य मी तीसेक वर्षं वर्गात म्हणत आलो.

एकदा शाळेच्या सहलीत, याच जागी, एका मुलीने विचारलं होतं, "सर, घंटा नेल्यावर त्या लोकांना प्रार्थनेची वेळ कशी कळली असेल?" मुलगी ख्रिस्ती घरातली होती. "चला, रांग मोडू नका," म्हणून मी विषय मिटवला. टाळलेला प्रश्न निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

इतिहास सर्वांना माहीत आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नारोशंकरांचं देऊळ १७४७ चं, घंटेवर साल १७२१. वाईजवळ मेणवलीला जी घंटा आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. आपण साल वाचतो, फोटो काढतो आणि पुढे जातो.

पण ती घंटा करत काय होती? देवळातली घंटा आपण आपल्या हाताने वाजवतो, देवाला सांगायला की मी आलोय. चर्चची घंटा मनोऱ्यावर असते आणि एकजण दोर ओढून ती साऱ्या गावासाठी वाजवतो. कॅथलिक गावात सकाळ, दुपार, संध्याकाळ ती वाजली की देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाची आठवण करायची. लग्नात ती आनंदाने वाजते. कोणी गेलं तर सावकाश, एकेक ठोका. पवित्र गुरुवारच्या मिस्सेपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत ती मुकी राहते, आणि त्या मुकेपणालाही अर्थ असतो. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो चोरीला गेला तेव्हा दोन दिवस शाळेचं ताळतंत्र राहिलं नव्हतं. मग ज्या गावाचे जन्म, मरण आणि दिवसाचे प्रहर घंटेवर चालत, त्याचं काय झालं असेल?

"अहो, पण त्यांनी आपली देवळं पाडली!" हे कोणीतरी लिहिणारच. पाडली, खरं आहे. गोव्यात इन्क्विझिशनही झालं. तेही शिकवलंच पाहिजे. पण घंटा ऐकणारे सगळे काही पोर्तुगीज नव्हते. राज्य गेलं तरी वसईचे शेतकरी, कोळी तिथेच राहिले, आजही आहेत. त्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना आपण २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं. नाशकातल्या शरणपूरची मिशनची वस्ती १८५४ ची. ही माणसं फिरंगी नव्हेत, आपली आहेत. "जिरवली" म्हणताना ती कोणाची, हे एकदा मनाशी ठरवा.

घंटा परत करा, असं मी म्हणत नाही. पावणेतीनशे वर्षं ती गोदाकाठी आहे, आता ती नाशिकचीच. माझं भांडण त्या "जिरवली"शी आहे. घंटेचा धातू आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच. युरोपात लढाया झाल्या की घंटा वितळवून तोफा ओतत. आपल्या सरदारांनी या घंटा वितळवल्या नाहीत, देवाच्या दारात टांगल्या. मारियेची मूर्तीही घासून काढली नाही. त्यांना निदान एवढं कळत होतं की ही देवाची वस्तू आहे. आपण मात्र तिला नुसती लूट म्हणून दाखवतो आणि नेणाऱ्यांनाही लहान करतो.

म्हणून सहल नेणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: विजय जरूर सांगा, पण त्याच दमात ही घंटा तिथे कशासाठी वाजत होती, तेही सांगा. दोन मिनिटं लागतात. मी ती दिली नाहीत.

ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली असेल. बाई गं, तुझा प्रश्न बरोबर होता. रांग मोडली असती तरी चाललं असतं.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा.